उपाशी पोटी सुई

सुई दुखते का, हेच बायका मला पहिल्यांदा विचारतात. गल्लीत कुणाची कंबर धरली, कुणाची मान आखडली की संध्याकाळी कुणीतरी पदर सावरत आमच्या सोप्यात येऊन बसते. बेळगावच्या कॅम्पातला सुईवाला म्हातारा आता राहिला नाही, पण त्याचा पुतण्या बाजाराच्या दिवशी निपाणीला येतो. "तुम्ही टोचून घेतलं हुतं न्हवं? कसं असतंय ते?"

मी सांगते. पोती शिवायचं दाभण नसतं ते, केसासारखी बारीक सुई असते. शिरताना मुंगी चावल्यागत वाटतं, मग आतून जड होतं. दुखतंय तिथंच टोचतील असं नाही, माझ्या खांद्यासाठी नडगीवर टोचलं होतं. सुया अंगात असताना हलायचं नाही. एका खेपेत गुण येत नाही. जेवून जायचं. आणि त्यानं विचारलेल्याला आपलं उत्तर आपण द्यायचं, दुसऱ्याला देऊ द्यायचं नाही.

"असं का?" म्हणून कुणी विचारलं तर मी चहाचं आधण ठेवायला उठते. इतकी वर्षं उठत आले. आता लिहून टाकते.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. उन्हाळ्यात मिरच्या कांडल्या आणि त्यानंतर माझा उजवा खांदा जो धरला तो सुटेना. हात छातीच्या वर जाईना. घागर उचलता येईना, भाकरी थापता येईना, स्वतःची वेणी घालता येईना. लेप झाले, शेक झाले, बिब्बा झाला. सासूबाई एकदा चुलीपाशी सरळ म्हणाल्या, "दिवाळीपतोर बघायचं. न्हायतर माहेरी सोडून यायचं. बरी झाली की आणू." आमच्या भागात 'बरी झाली की आणू' म्हणून पोचवलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. त्या माहेरच्या परसात म्हाताऱ्या झाल्या.

घरात मला एकच आधार, थोरल्या जाऊबाई. त्यांना मी आक्का म्हणायची. सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हा रात्री आईची आठवण येऊन रडायची, तर त्या मला आपल्या पांघरुणात घेत. माझ्या मनातलं असं काही नव्हतं, जे त्यांना ठाऊक नव्हतं. सुईवाल्याचं त्यांनीच काढलं. पहिल्या जर्मन लढाईत तो रंगूनला गेला होता, तिथं कुणा चिनी माणसाकडून ही विद्या शिकून आला होता. आक्कांनी सासूबाईंचं मन वळवलं. "गुण न्हाय आला तर मला बोला," म्हणाल्या.

पहिल्या खेपेला हात चार बोटं वर गेला. मी आणि आक्का न्हाणीत जाऊन हसलो. दुसरी खेप महिन्यानं ठरली, आणि तो आला नेमका भादव्यातल्या चौदशीला.

आमच्या जैनांत पर्वाचा तो शेवटचा दिवस. मी कडक उपास धरला होता, पाण्याचा थेंब नाही. सासूबाई बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पूजेला गेलेल्या. मी आक्कांना म्हणाले, "आक्का, त्यानं मागं सांगितलंय, रिकाम्या पोटावर टोचत न्हाय."

"आज चुकला तर आणि म्हैन्यानं येणार त्यो. दिवाळी तोंडावर आली. तू गप बस, मी बोलते."

परक्या पुरुषासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, थोरलीनं उत्तर द्यायचं, ही घरची रीत. मी पदर नाकापर्यंत ओढून बसले.

"बाई जेवल्यात काय?" त्यानं विचारलं.

"व्हय की. भाकरी खाल्ली, ताक प्याली."

"आज चौदस. तुमच्यात उपास असतोय न्हवं?"

"दुखणेकऱ्याला कसला उपास हो अण्णा? तुम्ही सुरू करा."

त्याला पटलं नसावं. तो माझ्याकडं वळला. "बाई, तुम्हीच सांगा. जेवलासा?"

आक्कांचा अंगठा माझ्या पायावर दाबला गेला. मी पदराखालून मान हलवली. हो म्हणून.

त्यानं नळीतनं सुया काढल्या, दिव्यावर धरल्या, गार केल्या. तिसरी टोचली आणि भिंत माझ्या अंगावर आली.

शुद्धीवर आले तेव्हा तो सुया काढत होता आणि ओरडत होता, "गुळाचं पाणी आणा! लौकर!" दारात सासूबाई उभ्या, हातात पूजेचं ताट.

"पाणी चालत न्हाय तिला," त्या म्हणाल्या. "कडक उपास हाय."

तो थांबला. "मला तर भाकरी खाल्ली म्हणून सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

त्यानं आक्कांकडं बघितलं. सासूबाईंनी आक्कांकडं बघितलं. आणि आक्का, श्वाससुद्धा न घेता, म्हणाल्या, "हीच म्हणाली की. 'आक्का, ऱ्हावलं न्हाय, चोरून खाल्ली मी.' मग मी त्यास्नी तसं सांगितलं."

मला वाटलं, अजून माझी भोवळ उतरलेली नाही.

सुईवालाच बोलला. "न्हाय हो आई. पोट रिकामं हाय हिचं. नाडी सांगत्या."

"मग रिकाम्या पोटावर टोचलास कशाला रं?"

यावर त्याच्याजवळ उत्तर होतं. 'मी विचारलं, हिनं मान हलवली.' तो ते बोलला नाही. माझ्याकडं बघत राहिला, मी बोलेन म्हणून. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगावं तर आक्का खोट्या पडत होत्या, आणि त्यांना खोटं पाडायची मला सवय नव्हती. तो नळी पिशवीत टाकून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आणि दोन खेपा झाल्या असत्या तर हात डोक्यापतोर गेला असता."

गावात दोन्ही गोष्टी फिरल्या. सुईवाल्यानं उपाशी बाईला टोचून मरायला घातली, आणि बाईनं उपास मोडून चोरून भाकरी खाल्ली. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे कुणी विचारलं नाही. आमच्या भागातलं त्याचं येणं बंद झालं. मला बस्तीत मागं बसवू लागले. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "खाल्लीस काय?" मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "मग वैनी कशाला खोटं बोलंल?" आणि कूस बदलून झोपला.

माहेरी मात्र पाठवलं नाही. माझ्या वाटणीचं पाणी, माझ्या वाटणीच्या भाकऱ्या आक्कांनी आपल्या अंगावर घेतल्या. बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. हात चार बोटं वर गेला तिथंच राहिला, अजून तिथंच आहे. म्हणून माझी वेणी त्याच घालतात. तेव्हापासून आजपर्यंत, रोज सकाळी, परसातल्या पायरीवर. दोघींचे केस पांढरे झाले.

परवा शेजारची सून विचारून गेली, जेवून जायचं ते का. मी आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मागं बसून फणी फिरवत होत्या, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आक्का, त्या दिवशी मी भाकरी खाल्ली न्हवती."

फणी थांबली.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. फणीत अडकलेले केस काढून बोटाला गुंडाळत पुढं म्हणाल्या, "दोघींतली एक सापडणार हुती. तू धाकटी. वाटलं, तुला माफ करतील."

"केलं काय?"

फणी पुन्हा चालू झाली. गुंता लागला तिथं त्यांनी केस मुळाशी धरले, ओढ बसू नये म्हणून. हे त्या नेहमीच करतात. वेणीचा अंबाडा बांधून झाल्यावर खांद्यावरून वाकून विचारलं, "लई घट्ट झाला काय गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

झाला होता.