उपासाची चरबी

"तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असं लिव्हर आम्हाला घेता येणार नाही," अमरावतीच्या डॉक्टरीनबाई म्हनल्या. मले हसू आलं. चरबी हाये हे तं मायी बायको वीस वर्सापासून फुकटात सांगून राहिली.

मंग बाजूले बसलेल्या बाईकडं पायलं आन हसू गेलं. बाई म्हंजे मायी मोठी बहीन, दर्यापूरले दिलेली. तिचं लिव्हर आटलं होतं. माया लिव्हरचा तुकडा बसवाचा, येवढाच रस्ता. दुसऱ्या कोनाचा रक्तगट जुयला नाई.

तिनं जन्मात दारू चाखली नाई. तरी लोकं इचारत, "बाई घेत होत्या काय?" दारू न पिताही होनाऱ्या या दुखन्याले फॅटी लिव्हर म्हनतात. लिव्हरच्या बारीक पेशीत चरबीचे थेंब साचतात. दुखत नाई, खुपत नाई. कोनाचं तसंच रायते, कोनाचं आतून वाळून कडक होते. बाईचं झालं. मायं अजून मऊ होतं.

"दोन महिने देते. वजन उतरवा, मग पुन्हा तपासू."

अकोल्याले आलो आन कडक उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. साबुदान्याची उसळ, वरून दान्याचा कूट, दोन दोन ताटल्या. संग आलूचा कीस. उपासाचं खाल्लेलं अंगी लागत नाई, अशी मायी पक्की समजूत.

महिन्यानं काटा पायला. दोन किलो वाढलो होतो.

अमरावतीले डॉक्टरीनबाईनं इचारलं तं म्या छाती काढून सगळं सांगतलं. त्याइनं चष्माच काढून ठेवला. "दादा, हा उपास नाही, मेजवानी आहे. आता बहिणीकडे महिनाच उरलाय."

बाई बाहीर बाकड्यावर होती, डोये पिवये झालेले. "बाई, म्या साबुदाना खाल्ला वं," येवढंच निंघालं तोंडातून.

"लहानपनीही मायाच ताटातला खात होता रे तू," ती म्हने. "चाल, बस सुटन."

मंग रोज उन्हात चाललो. अर्धी भाकर, पालेभाजी, पुन्हा चाल. पाय सुजले. गमती सुचनंही बंद झालं.

दुसऱ्या स्कॅनकडं डॉक्टरीनबाई लय वेळ पाहत राहिल्या. मंग म्हनल्या, "चालेल."

नागपूरले आमचं दोघाचं ऑपरेशन झालं. सहा महिने झाले, थकवा काई जात नाई. जिना चढलो का बसा लागते. तुमच्या सोनोग्राफीत असं काई निंघालं तं मायासारखं हसू नका बाप्पा.

परवा चतुर्थीले बाईचा फोन आला. "काय खाल्लं रे?"

"काकडी."

"तेच खाय. उरलेलं लिव्हर नीट ठेव. तुले देयाले मायापाशी आता तुयंच हाये."