धाकटीने सांभाळलेलं माझं पथ्य

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की मला पर्स चाचपून बघावीशी वाटते. जासईच्या ज्या कंटेनर यार्डात मी नोकरी करते तिथे तर मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. कागदावर लिहिलेला माल आणि आत भरलेला माल एकच आहे का, एवढं बघायचं. नवरा म्हणतो, हा स्वभाव यार्डातच ठेवून येत जा. ते काही मला जमलेलं नाही.

त्यामुळे माझी धाकटी जाऊ अचानक माझ्याशी चांगलं वागायला लागली तेव्हा मी सावध झाले.

आमचं घर सानपाड्याला. सासरे वाशीच्या मार्केटात माथाडी होते, साताऱ्याकडून आलेले. त्यांनी हयातीतच शेजारशेजारचे दोन लहान फ्लॅट घेतले आणि मधल्या भिंतीत दार पाडून घेतलं. अलीकडे मी आणि नवरा, पलीकडे दीर, जाऊ, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. स्वयंपाक एकत्रच, पलीकडच्या घरात. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो, गावाकडची तशी पद्धत आहे. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. घरात ते कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे.

शेवटी आम्ही वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं वजन वाढलेलं, पाळी केव्हा येईल त्याचा भरवसा नाही. बाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, आधी वजन उतरवा, रोज चाला, साखर आणि मैदा कमी करा, वेळेवर झोपा, मग औषधांचं बघू. काही जणींना तेवढ्यानंही फरक पडतो, पण खात्री मी देणार नाही, असंही म्हणाल्या. ते मला आवडलं. खात्री देणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. नवऱ्याला त्यांनी तंबाखू सोडायला सांगितली आणि त्याच्याही पोटाकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर मात्र सगळ्यांनी माझ्यापुरतंच ऐकलं. नवऱ्याची तंबाखू कुणाच्या कानावरच पडली नाही.

जाऊ आणि मी तोवर एकमेकींच्या वाटेला जात नव्हतो. मी नोकरीच्या नावाखाली स्वयंपाकातून सुटते असं तिला वाटायचं, आणि एक मूल झालं म्हणून ही फार तोऱ्यात असते असं मला वाटायचं. दोघींचंही थोडंफार खरं असावं. डॉक्टरांकडे जाऊन आल्याला थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी मी डब्यासाठी पोळ्या लाटायला गेले तर ओट्यावर डबा भरून तयार. नाचणीची भाकरी, दुधीची भाजी, मोडाची मटकी, कडेला जवसाची चटणी. उद्यापासून तुमचा डबा मी करत जाईन, असं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी थँक्यू म्हणाले आणि बसमध्ये बसल्याबसल्या विचार करायला लागले. हिला काय हवं असेल? पहिल्यांदा वाटलं, आमच्या बाजूच्या खोलीवर डोळा असणार. मुलगी मोठी होते आहे, तिला अभ्यासाला जागा लागेल. मग वाटलं, कुठल्या तरी बुवाचा अंगारा भाकरीत मळून देत असेल. हे सगळं लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा मी भाकरी मोडून तिचा वास घेतला होता. पहिला तुकडा मी ऑफिसातल्या मैत्रिणीला दिला. तिला काही झालं नाही. उलट ती रोज मागायला लागली.

डब्यावर भागलं नाही. संध्याकाळी मी सेक्टरमधल्या गार्डनला चालायला निघाले की जाऊ दारात चप्पल घालून उभी. तिला चालायची अजिबात सवय नव्हती. दोन फेऱ्यांत धाप लागायची, तरी माझ्या मागोमाग येत राहायची. माझ्या चहातली साखर तिने मला न विचारता कमी केली. संकष्टीला आत्यांनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी काढून ठेवली, तर ती त्यांच्याशी चक्क भांडली. त्यात बटाटा, त्यात दाण्याचं कूट, त्यात तूप, असल्या उपवासानं ताईंचं वजन उतरेल होय, म्हणाली. आत्यांना उलट बोललेलं मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. आत्या तोंड फिरवून टीव्ही बघत बसल्या. माझ्या ताटात ताक आणि भगर आली.

मला हे सगळं सुखाचं वाटायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर जावेच्या गळ्यात पडली असती. पण मला जितकं बरं वाटायचं तितकाच संशय वाढायचा. ही आत्यांना माझ्या बातम्या पुरवते का? चालताना माझ्याकडून काही काढून घेते का? मी तिच्याशी मोजून मापून बोलायला लागले. ती मात्र रोज संध्याकाळी डबा उघडून बघायची, सगळं संपलंय का ते.

एक गोष्ट मला फारच खटकली. आमच्याकडे संध्याकाळी देवाजवळ दिवा मी लावते. पाळी आली की आत्या लावतात, त्यामुळे घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या महिन्यात माझे दिवस जरा वर गेले होते आणि मला उगाचच आशा लागली होती. मग आलीच. मी पलीकडे गेले आणि आत्यांना म्हणाले, आज दिवा तुम्ही लावा. आत्यांनी नुसती मान हलवली. जाऊ कणीक मळत होती. तिने हात थांबवला, परातीकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदराने तोंड पुसून ती बाल्कनीत निघून गेली.

मी त्या दिवशी रडले नव्हते. माझी पाळी आली म्हणून हिला रडायचं काय कारण? एवढी कुणाची कुणावर माया नसते. निदान आमच्या दोघींची तरी नव्हती.

पुढच्याच आठवड्यात फोडणीचा वास आला तशी ती तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी आधी नजर चुकवली, मग सांगितलं की चौथा लागलाय, तुला वाईट वाटेल म्हणून थांबलो होतो. दिराला माहीत होतं, माझ्या नवऱ्याला माहीत होतं, आत्यांच्या गावाकडच्या बहिणीलासुद्धा माहीत होतं. राहिले होते ती मी एकटी.

मी मनातल्या मनात मागचे महिने मोजले. तिचा डबा सुरू झाला तो नेमका तेव्हाच. म्हणजे ही कीव होती तर. पोटात मूल आलं आणि हिला माझी दया आली. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी डबा न उघडता परत आणून ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी ती तरीही गार्डनला आली. मी तिला बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, हे माझं पथ्यपाणी तू कशासाठी करतेस? मला कुणाची दया नको आहे.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "दया कसली, ताई. मीच घाबरलीये."

मग तिने सांगितलं. दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात आत्यांनी तिला आणि दिराला जवळ बसवून ठरवून टाकलं होतं, हे दुसरं थोरलीच्या ओटीत घालायचं. मुलगा असो, मुलगी असो. गावाकडे आमच्या घराण्यात असं पूर्वी झालेलं आहे. आत्यांच्या दृष्टीने त्यात कुणाचं काही जात नव्हतं, मूल या खोलीतून त्या खोलीत येणार होतं. दीर काहीच बोलला नाही. आईसमोर तो कधीच काही बोलत नाही.

"तुमचं तुम्हाला झालं, तर माझं माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "म्हणून करते सगळं. तुमी सोडू नका, ताई. एवढंच करा."

मला राग यायला हवा होता. आत्यांचा, दिराचा, नवऱ्याचा. तो आला, पण नंतर. त्याआधी मला आनंद झाला. मी खोटं लिहिणार नाही. जाऊ शेजारी बसून रडत होती आणि माझ्या मनात आलं, म्हणजे मला मूल मिळणार.

घरी येऊन नवऱ्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, आईच्या मनात आलं, ती बोलली, मी हो कुठे म्हणालो? मी म्हणाले, नाही तरी कुठे म्हणालास? त्यावर तो तंबाखूची डबी शोधायला लागला. ती त्याने सोडली होती असा माझा समज होता.

आत्यांशी मी बोलायला हवं होतं, दुसऱ्याच दिवशी. मी बोलले नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत बरेच दिवस घालवले. बसमध्ये बसून मी आमच्या खोलीत पाळणा कुठे मावेल याचा विचार करायचे. कपाट सरकवलं तर खिडकीशी मावला असता. माझं पथ्यही ढिलं पडलं. यार्डाबाहेरच्या गाडीवर वडापाव खाल्ला, चहात साखर घेतली, पाय दुखतात म्हणून चालणं चुकवलं. मूल येणारच आहे तर घाम कशाला गाळायचा, असं मनात कुठेतरी होतं. डबा मात्र रोज ऑफिसच्या मैत्रिणीला रिकामा करायला लावायचे, म्हणजे संध्याकाळी धाकटी बघेल तेव्हा संपलेला दिसेल.

पण ती काही मूर्ख नव्हती. माझे कपडे पुन्हा तंग होताना तिला दिसत होते. एका संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा घरी आले. ती दारात चप्पल घालून उभी होती. आता पोट चांगलं दिसायला लागलं होतं, पायाला सूज होती, एक हात कमरेवर. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत तिने विचारलं, जायचं ना?

मला माझी फार लाज वाटली. मी पर्स तिथेच टाकली, पलीकडे गेले आणि आत्यांपुढे उभी राहिले. आत्या पालेभाजी निवडत होत्या.

"आत्या, तिचं मूल तिचंच राहील. मला नको," मी म्हणाले.

आत्यांनी भाजी बाजूला ठेवली. त्यांना राग आला नव्हता, त्या मला समजावायलाच निघाल्या होत्या. "आगं, घरातलं घरातच ऱ्हातंय. आन् तुला न्हाईच झालं तर?"

"नाही झालं तर नाही."

त्या पुढे खूप बोलल्या. म्हातारपणी कोण बघणार, लोक काय म्हणतील, तुझ्या भल्यासाठीच म्हणते. मी पुन्हा नको म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापुढे काढला नाही. माझ्यामागे काढला नसेल असं मी म्हणत नाही.

त्या दिवसापासून मी पथ्य खरोखर पाळलं. वजन बऱ्यापैकी उतरलं, पाळी पुष्कळशी वेळेवर यायला लागली, डॉक्टरीणबाई खूश आहेत. औषधं सुरू झाली आहेत. अजून काही झालेलं नाही.

जावेला मुलगीच झाली. गोरी, भरपूर जावळाची. बारसं झालं, जावेची आई महिनाभर राहून गेली. मला वाटलं होतं, माझ्या नकारानंतर जाऊ निर्धास्त होईल. ती झाली नाही. बाळाला घेऊन मी आमच्या बाजूला आले की ती काहीतरी निमित्त काढून मागोमाग येते. दुपटं राहिलं, तेल राहिलं, नाही तर नुसतीच दारात उभी राहते. आत्यांसमोर मी नको म्हणाले ते तिने ऐकलं होतं, पण तिचा विश्वास बसलेला नाही. माझा डबा मात्र पहिल्यासारखाच चालू आहे. तिच्या अविश्वासाचं आधी वाईट वाटलं. आपण एवढं बोललो, त्याची हीच किंमत का, असं वाटलं.

परवा रविवारी आत्या देवळात गेल्या होत्या आणि दोघे भाऊ मोठीला घेऊन बाजारात. जावेला अंघोळीला जायचं होतं. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं, दोनदा मागे वळून बघितलं आणि आत गेली. दार तिने पूर्ण लावलं नाही. मला पाण्याचा आवाज ऐकू येईना. ती आत नुसती उभी राहून कानोसा घेत होती. मी जरा मोठ्याने म्हणाले, निवांत कर अंघोळ, झोपलीये ती. मग कुठे बादलीत पाणी पडायला लागलं.

बाळ गाढ झोपलं होतं. माझं बोट तिने मुठीत धरून ठेवलं होतं आणि तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. खोलीत आम्ही दोघीच होतो.

जाऊ बाहेर आली तेव्हा तिचे केस नीट पुसलेलेही नव्हते. माझ्यासमोर येऊन तिने दोन्ही हात पुढे केले. मी बाळ दिलं. पण द्यायला मला जरा वेळ लागला. जावेने बाळाला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला खाली बघावं लागलं.