बिया नऊच होत्या

बिया नऊच होत्या, हे आधीच सांगून टाकते. पाकिटावर दहाचा आकडा छापला होता, पण छापणारे जर्मनीत बसलेत. त्यांना काय विचारायचं ते तिकडे जाऊन विचारा. शेवंतीकाकीला विचारायचं नाही. तिला विचारायला कोण आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे.

शेवंतीकाकी माझी सख्खी काकी. गंगारामकाकाची रिक्षा होती, कणकवली स्टेशन ते आमचा गाव. काका गेला त्याच वर्षी मी दहावीच्या गणिताच्या पेपरातून उठून घरी आले आणि परत शाळेत गेले नाही. घरात रडारड, आई भिंतीला डोकं टेकून. काकी आली, रिक्षाची चावी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "बसान काय ऱ्हवलंस गो? भाडी मार." एवढंच. उपदेश नाही, काही नाही. तेव्हापासून रिक्षा मी चालवते, आणि काकीला कोण उलट बोललं तर मी रिक्षा मध्येच थांबवून त्याला उतरवते. दोनदा उतरवलंय. एकदा तर पाहुणा होता.

काकीकडे एक कपाट आहे. त्यात कपडे नाहीत, बिया आहेत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत लाल माठ, लोणच्याच्या बरणीत वाल, पर्यटकांनी टाकलेल्या बिअरच्या बाटलीत पडवळ, आणि सगळ्यांवर चुलीची राख. चिठ्ठी एकीवरही नाही. काकी बाटली कानाशी धरून हलवते आणि सांगते, "ही दोडकी. ही गेल्या वर्साची दोडकी, जरा रुसलीहा."

बी ती विकत नाही. तिचा नियम आहे, बियाण्याला बियाणं. मूठभर न्या, पीक आलं की मूठभर आणून द्या, तेच नाहीतर दुसरं. आणि कोणी आणून दिलेली बी नाकारायची नाही, टाकायची नाही, जाळायची तर अजिबात नाही. एकदा तरी लावायचीच. एकदा शेतीखात्याचा एक साहेब तवशाची, म्हणजे आमच्या मोठ्या काकडीची, बी न्यायला आला, नोट काढली. काकीने नोट त्याच्याच खिशात घातली. मग तो बिचारा परतफेडीला कंपनीच्या भेंडीचं पाकीट घेऊन आला. काकीला कंपनीचं बियाणं बघवत नाही. पण लावली. रोज सकाळी तिला पाणी घालायची आणि शिव्या द्यायची. "वाढ गो रांडे, वाढ, पावण्याचा नाव राख." ती भेंडी कमरेएवढी झाली.

तर उर्सुला. जर्मनीची बाई, साठीची, पुढच्या वाडीत होमस्टेला उतरली होती. माझ्या रिक्षात होती आणि मध्येच तिला बाथरूमला जायचं होतं, म्हणून काकीच्या दारात थांबवली. अर्ध्या तासाने बघते तर ती पाटावर बसून तवशाचं धोंडस, काकडीचा गुळातला केक, खातेय, गूळ हनुवटीपर्यंत. तिला तवशाची बी पाहिजे होती. नियम मी समजावला: "सीड टेक, सीड गिव्ह. नो मनी." तिने छातीवर हात ठेवून मान हलवली. मला वाटलं, गेली ती बी. काकी म्हणाली, "येतली. डोळे बघलंस तिचे? पाठवतली."

आणि यंदा पाठवलं.

पोस्टमन जितेंद्र गेटातूनच ओरडत आला, "काकी, जर्मनीसून प्रेमपत्र!"

"तुज्या बापाशीक दी, तो वाट बघता," काकी म्हणाली, पण हात पुसत धावली.

आत एक गाईचं चित्र असलेलं कार्ड आणि एक चकचकीत पाकीट. पाकिटावर पाच-सात बोटांचं हिरवं पान.

"अंबाडी गो ही!" काकी खूश झाली.

पान अंबाडीसारखं दिसतं, खरं आहे. पण मी गोव्यात भाडी घेऊन जाते. तिकडे निम्म्या टी-शर्टवर हेच पान असतं, आणि ते अंबाडीची भाजी आवडते म्हणून कोण घालत नाही. मी जितेंद्रकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याला पण कळलं होतं.

कार्ड मी मोबाईलवर धरून मराठी करून वाचलं. "प्रिय शेवंती, तुझी काकडी माझ्या गॅलरीत छपराला लागली. आमच्याकडे आता कायद्याने प्रत्येकाला घरात तीन झाडं लावता येतात. म्हणून मी दुकानातून पावती घेऊन या बिया आणल्या. तुझा नियम मी पाळला."

"बघ," काकी म्हणाली, "बाईन शब्द राखल्यान."

"काकी, गांजाची बी आसा ती."

काकी पायरीवर बसली. मला वाटलं घाबरली. पण ती पाकीट हातात तोलत म्हणाली, "म्हणजे माका ही लावक मेळाची नाय?"

तिथेच सगळं अडलं. लावायची तर पोलीस. टाकायची तर नियम मोडतो, आणि उकिरड्यात टाकली तर उगवणारच, काकीच्या उकिरड्यात चप्पलसुद्धा उगवेल. जाळायची नाही. कोणाला द्यायची तर त्याला पण तुरुंगात घालायचं. परत पाठवायची तर उर्सुलाचा अपमान.

संध्याकाळपर्यंत जितेंद्रने टपाल वाटता वाटता ही बातमी पण वाटली. दुसऱ्या दिवशी काकीला रिक्षात घालून कणकवली गाठली. गुरुप्रसाद माझ्याच वर्गातला, फरक एवढाच की तो गणिताच्या पेपराला शेवटपर्यंत बसला. आता वकिली शिकतो आणि एका वकिलाकडे कागद लावतो.

"काकी," गुरुप्रसाद म्हणाला, "आपल्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचो फुलाचो शेंडो. नुसती बी गांजा नाय. पण लावलास काय झाड, आणि ता झाड लावणा गुन्हो. आणि भायल्या देशातसून बी मागवची तर परवानगी लागता, ता येगळा."

"मी खंय मागवलंय? ती आपणच इली."

"इली ता खरा."

"म्हणजे पोटात पोर आसा तवसर कोण काय बोलाचो नाय, आणि बाळंत झालंय की पोलीस?"

गुरुप्रसाद पुस्तकाची पानं उलटत राहिला. "साधारण तसाच," तो म्हणाला.

मग काकीला बाकीच्या देशांचं ऐकायचं होतं. बी कुठेतरी धड जगत असेल ना, म्हणून. गुरुप्रसादने मोबाईल काढला. इंग्लंडात म्हणे बी विकत घ्या, कपाटात ठेवा, बघत बसा, पण पाण्यात भिजवून मोड आणलात की गुन्हा.

"मगे घेतत कित्याक? गंधफूल व्हावक?"

अमेरिकेत एका राज्यात झाड चालतं, शेजारच्यात चालत नाही.

"ह्या आपल्या दोडामार्गासारख्या," काकी म्हणाली. "गोव्यात बाटली घेतली तर गिऱ्हाईक, नाक्याच्या अलीकडे इली तर चोर. बाटली तीच."

"सिंगापूर, दुबई?" मी विचारलं.

"नाव काढू नुको," गुरुप्रसादने दाराकडे बघितलं, जसं काही दुबई बाहेर बाकावर बसलीय. "जपानात मात्र खातत. मसाल्यात घालतत. पण आधी मोड येवचो नाय अशी करून."

"मारून," काकी म्हणाली.

"खावक आपल्याकडेय चलता. वरती उत्तरेक डोंगरात चटणी करतत."

"कपाटातली बी मी आजवर खाल्लंय नाय रे," काकी म्हणाली आणि उठली. वाटेत मी दोन खड्डे मुद्दाम घेतले, तरी शिवी नाही.

घरी भाई हवालदार बसलेला. भाई आमच्याच बीटचा, मनाने बरा. पण त्याच्या परसात काकीचा वाल चढलेला आणि परतफेडीची मूठ अजून आलेली नव्हती, म्हणून तो काकीच्या नजरेला नजर देत नव्हता.

"काकी, माका काय म्हणूचा नाय. पण उद्या कोणी अर्ज केलो, तर कपाट उघडूचा लागात. तुज्या बाटल्यांवर नावां नाय. कसली बी खंयची, ता वरच्या सायबाक कसा कळतला? पुरा कपाट पंचनाम्यात जायत."

"पुरा?"

"पुरा."

मी बोलले, "कपाटाक हात लावून बघ. तुजो वाल मुळासकट उपटून आणतंय."

"तू गप ऱ्हव गो," काकी म्हणाली. पण तिचा हात कपाटाच्या कडीवर गेला होता. चाळीस वर्षांच्या बाटल्या. गावात कोणाच्या परसात जे काय वेलावर लटकतं, ते त्या कपाटातनं गेलेलं. ते ठाण्यात जाऊन पडलं, तर एका दमट पावसाळ्यात सगळी बी मरणार. हे भाईलाही माहीत होतं. म्हणून तोच म्हणाला, "गावकरांक विचार. देवाक कौल लावूया."

आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी द्यायची की नाही, सगळं त्यावर. पण आंतरराष्ट्रीय कायद्यावर कौल आमच्या गावात पहिल्यांदाच लागला.

देवळात बाबू गावकर गाऱ्हाण्याला उभा राहिला. आवाज असा की खालच्या वाडीतल्या म्हशी मान वर करतात.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ही तुजी लेक शेवंता तुज्या पायाकडे इली हा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जर्मनी म्हणतत त्या मुलखात माणशी तीन झाडां चलतत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. जर्मनी पास. लोकांना चव आली. मागून कोणीतरी ओरडला, "इंग्लंडाचा विचारा!" इंग्लंडची पाकळी अर्धी सुटली आणि लोंबकळत राहिली, ना खाली ना वर. कणकवलीहून मुद्दाम आलेला गुरुप्रसाद भारावून गेला. "तंतोतंत," तो म्हणाला, "अगदी कलमाप्रमाणे!" दुबईचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच डावी पडली.

मग आपलं. "आमच्या ह्या गावात, शेवंताच्या परसात, ही बी लावची काय रे म्हाराजा?"

पाकळी हलेना. पंधरा मिनिटं. अर्धा तास. भाईची ड्युटी सुरू व्हायची वेळ झाली, तो टोपी काढून उभाच. लाईट गेली होती, घामाने सगळे भिजले. "देवान वकील केल्यान जाणा," जितेंद्र कुजबुजला, आणि बाबू गावकराने त्याच्याकडे असं बघितलं की तो नळाकडे पाणी प्यायला गेला. एक तास झाला. आणि लाईट आली. वरचा पंखा भर्रकन सुरू झाला आणि सगळ्या पाकळ्या एकदम उडाल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे, इंग्लंडची गुरवाच्या मानेत.

गुरवाने शांतपणे मानेतली पाकळी काढली. "देव म्हणता," तो म्हणाला, "तुमचा तुमी बघा."

काकी जमिनीवरून उठली. गुडघ्यांना हात लावून, हळू. "माका कळला," ती म्हणाली. "बी पावणी म्हणान इली. पावण्याक मी पोलिसात देवचंय नाय आणि उकिरड्यातय घालूचंय नाय. भाजतंय. नैवेद्य करूया, सगळे खावया. पोटात गेलेली बी फुकट जायत नाय."

काकी बी भाजणार, हे आम्हाला ऐकायला पण नको वाटलं.

घरी आल्यावर काकीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भाईने दाराला टकटक केली, "काकी, मोजूक व्हये."

"थांब जरा."

जरा म्हणजे मोजून एक खोबरं खवण्याएवढा वेळ. मग दार उघडलं. भाईने खाली बसून लोखंडी तव्यात बोटाने मोजल्या. एकदा, दोनदा. मग पाकिटावरचा आकडा बघितला. मग काकीकडे बघितलं. काकी त्याच्याकडे बघत होती. तोच तो, वालाची मूठ न दिलेला.

"नऊ," भाई म्हणाला. "पाकिटात नऊच इल्यो असतील. भायल्या देशातलो माल, काय सांगूचा."

काकीने तवा चुलीवर ठेवला. एकेक बी तडकली तसे तिचे ओठ हलत होते. डोळ्यांत धूर गेला, ती म्हणाली. चूल तर नीट पेटली होती.

बारा नारळ, तीन किलो कांदे, आणि नऊ बिया. चटणी सगळ्या गावाने खाल्ली. गुरुप्रसाद सांगून सांगून थकला की बीला नशा नसते, शेंड्याला असते. कोण ऐकतंय. जितेंद्र म्हणाला माका झाडां नाचताना दिसतत. बाबू गावकर विनाकारण रडला आणि भावाला मिठी मारून आला, ज्याच्याशी तो कुंपणावरून अकरा वर्षं बोलत नव्हता. त्याच्या वाट्याला बी आलीच नव्हती, नुसतं खोबरं. भाई हवालदार ड्युटी म्हणून एकच चमचा चाखून देवळाच्या ओट्यावर तीन तास झोपला.

अर्ज कोणी केला नाही. करणार कोण? सगळ्यांच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी भाई वालाची मूठ घेऊन आला. काकीने बाटली कानाशी लावून वाल भरला आणि मला हाक मारली. कपाटातली एक बाटली माझ्या कानाशी धरून हलवली.

"काय ऐकू येता?"

"माठ."

"नीट ऐक."

ऐकलं. बारीक माठाच्या सरसरीत काहीतरी एक जाडसर, टक, टक.

"लावची नाय," काकी म्हणाली. "नुसती ऱ्हवतली. बी हा, झाड नाय. खंयच्या तरी वर्सात आपल्याकडेय तीन झाडां चलतली. तेव्हा मी असन नसन. तू लाव, आणि उर्सुबायक मूठ पाठव."

"तेव्हा मी म्हातारी असन."

"मगे? म्हाताऱ्यांनी काय लावचा नाय?"

आता रोज रिक्षा लावून घरी आले की मी एकेक बाटली कानाशी धरते. दोडकी ओळखते, वाल ओळखते, पडवळ अजून चुकतं. काकी शिव्या देते, मी परत हलवते.

आणि भाई, तू हे वाचत असशील तर, नऊच होत्या.