अकोल्याचं एक वर्ष

आमच्या घरात बारावीनंतर रिकामं बसणं म्हणजे गुन्हाच. लेकीला अमेरिकेत शिकायचं होतं, त्याचे अर्ज सहा-आठ महिन्यांनी भरायचे होते, आणि तोवर तिनं अमरावतीत घरी बसावं हे मला पटेना. हट्टानं तिला अकोल्याच्या कृषी कॉलेजात घातलं. ती चिडली, पण गेली. बडनेरा स्टेशनवर गाडीत बसवताना मी छाती फुगवून म्हणालो, "वर्ष वाचलं पाह्य तुयं!"

दिवाळीनंतर तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. अर्जात एक प्रश्न होता: बारावीनंतर कुठं प्रवेश घेतला होता का? 'हो' म्हटलं की आपण ट्रान्सफरवाले, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारे. आणि पूर्ण फी माफ करणारी स्कॉलरशिप बहुतेक ठिकाणी फ्रेशमनला, म्हणजे बारावीहून थेट येणाऱ्यालाच. तिच्या यादीतलं एकच विद्यापीठ ट्रान्सफरवाल्यांनाही ती देत होतं, तेही मोजक्यांना. स्कॉलरशिप नाही तर अमेरिका नाही, एवढं साधं होतं. मी वकील. सही करण्याआधी अटी वाचा, हे अशिलांना सांगण्यात जन्म गेला. लेकीच्या वेळी एकही अट वाचली नव्हती. स्वतःचाच भयंकर राग आला.

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "अकोल्याचं लिहूच नोको. तिकडं कोणाले मालूम पडते?"

खोटं कशाला सांगू, अर्धा दिवस मलाही ते पटलं. लेकीनं मात्र फोनवरच झापलं, "बाबा, मंग कोर्टात साक्षीदाराले शपथ कायले घ्यायले लावतात?"

तिनं खरं तेच लिहिलं. कॉलेजात प्रत्येकाला कपाशीच्या शेताचा एक तुकडा दिलेला, पेरणीपासून वेचणीपर्यंत रोजच्या नोंदी एका वहीत ठेवायच्या. निबंध तिनं त्याच वहीवर लिहिला. शिफारसपत्र मागितलं तेव्हा तिच्या मॅडम म्हणाल्या, "तूच सोडून चालली, अन् पत्रही मीच लिहू?" आणि हसत हसत दोन पानं लिहून दिली.

मे महिन्यात, सकाळी मी कुलरमध्ये पाणी भरत होतो. सुटीला घरी आलेली लेक किंचाळतच बाहेर आली. स्कॉलरशिप मिळाली होती, पूर्ण! पत्रात तिच्या कपाशीच्या नोंदींचं खास कौतुक होतं. मी तिथंच नाचलो. कुलर भरून वाहिला, अंगणभर पाणी झालं, कुणी नळ बंद केला नाही.

मग काय, आठवडाभर माझं तोंड बंद नव्हतं. कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये, किराणा दुकानात, जो भेटेल त्याला, "म्या म्हणत होतो न, वर्ष वाया जाऊ द्याचं नाई!"

बॅग भरताना लेकीनं ती वही कपड्यांच्या मधोमध ठेवली. कव्हरवर अजून काळ्या मातीचे डाग होते. वर न बघता तिनं विचारलं, "बाबा, शपथेवर सांगा. तुमी मले अकोल्याले वर्ष वाचवाले पाठवलं होतं?"

"नाई बेटा," मी म्हणालो. "वाटलं होतं, तेथं तुयं मन रमीन. तू अकोल्यापरेंतच जाशीन."