आरपार दिसणारा जार

मामाजींच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालं आणि नाकातून पोटात जाणारी नळी घेऊनच ते वरठीला घरी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर सायकलने स्टीलच्या कारखान्यात गेले, आणि जवळपास तितकीच वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. आता दीड-दोन महिने जे पोटात जाईल ते नळीतूनच. भात, वरण, गाजर, सगळं शिजवायचं, मिक्सरमध्ये वाटायचं, गाळायचं आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं.

आमचा मिक्सर माझ्या लग्नातला. चटणीला बरा होता, पण वरणभातात कण ठेवायचा. तिसऱ्या दिवशी नळी तुंबली, सहाव्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा गल्लीतल्या नर्सबाईंनी येऊन ती मोकळी केली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मिक्सर बदला. पुढच्या खेपेले नवी नळी टाका लागन, अन् ते नागपूरलेच."

मामाजींना बोलता येत नव्हतं. माझ्या मुलीची पाटी त्यांच्या उशाशी असायची. त्या दिवशी मी सिरिंज घेऊन गेले तर त्यांनी हाताने नळी दाबून धरली आणि पाटीवर लिहिलं, "अंडं आहे?"

वीस वर्षांपूर्वी त्यांनी मांस, मासे, अंडी सगळं सोडलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नाही. आता हॉस्पिटलमधल्या आहाराच्या बाईंनी कागदावर अंड्याचा पांढरा भाग लिहून दिला होता. तो कागद त्यांनी वाचला होता.

"नाही मामाजी," मी म्हटलं. "वरण, भात अन् गाजर आहे."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मगच नळी सोडली. मला राग आला. पण नंतर भांडी घासताना वाटलं, जिभेला न लागता पोटात जाणारं अन्न कशाचं आहे हे माणसाने ओळखायचं कसं? मी त्यांच्या जागी असते तर मीही नळी दाबून धरली असती.

नवऱ्याने रात्रपाळीहून आल्यावर मोबाइल पुढे केला. "हा मिक्सर पाय. समदे पाच तारे देऊन राहिले."

"कोण समदे?"

"लोक."

"त्यांच्या घरी नळी आहे काय कोणाले?"

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मी दुसऱ्या दिवशी एका डब्यात शिजलेलं वरणभात-गाजर भरलं, पिशवीत चहाची गाळणी टाकली आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून भंडाऱ्याला गेले.

दुकानदाराने तीन मिक्सर काढले आणि तिन्ही रिकामे फिरवून दाखवले. "आवाज ऐका ताई. शंभर टक्के तांब्याची मोटर आहे." मोटर खोक्याच्या आत. ती तांब्याची की कशाची, हे मला उघडून कोण दाखवणार होतं?

मी डबा काढला. "हे वाटून दाखवा."

"ताई, नवा पीस खराब होते."

"मंग जुना काढा. दाखवाले ठेवला असन ना एखादा."

नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. दुकानदाराने नाइलाजाने खालच्या फळीवरचे दाखवायचे दोन मिक्सर काढले. पहिल्याची पेस्ट गाळली तर गाळणीवर गाजराचे तुकडे राहिले. दुसऱ्याची पेस्ट चमच्याने दाबली तर सगळी खाली उतरली. त्याला स्टीलचे दोन जार होते आणि एक प्लॅस्टिकचा, आरपार दिसणारा.

"हा ज्यूसचा आहे," दुकानदार म्हणाला. "यात काही घट्ट वाटू नका. स्टीलचेच वापरा."

"मले यातच वाटाचं आहे. पाणी टाकून, पातळ."

"काहून?"

"आतमधलं दिसाले पायजे."

त्याला ते कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही. त्यातही वाटून पाहिलं, चाललं. मग त्याने आतल्या खोलीतून एक बंद खोकं आणून दिलं. मी उलटून पाहिलं तर खालच्या बाजूची चिकटपट्टी दुहेरी होती, एकदा कापून पुन्हा लावलेली. उघडायला लावलं. जारच्या झाकणाच्या रबरात पिवळसर रेघ होती. बोट फिरवून वास घेतला. हळद.

"कोणाचा परत आला?" मी विचारलं.

"कंपनीतूनच तसं येते कधी कधी," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. थोड्या वेळाने त्याने दुसरं खोकं काढलं. ते मी स्वतः फोडलं.

घरी आल्यावर मिक्सर स्वयंपाकघरात ठेवलाच नाही. मामाजींच्या खाटेसमोर स्टुलावर ठेवला. प्रत्येक वेळी वाटी त्यांना दाखवायची, मग जारमध्ये ओतायची. ते मान हलवत. पहिले काही दिवस वाटीत बोट घालून पाहायचे. नंतर नुसते पाहायचे. नळी एकदाही तुंबली नाही.

मग माझाच संशय सुरू झाला. रेडिएशनचे सेक सुरू होते, बाकीच्या पेशंटची वजनं उतरत होती आणि मामाजींचं अर्धा किलो वाढलं. डॉक्टर खूश झाले. मी दिवसभरात काय देते याचा मनात हिशेब लावला, तो जुळेना. दुपारचं दूध मात्र माझ्या हातून जात नव्हतं. त्या वेळी मी मुलीला आणायला शाळेत जायचे आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ते द्यायच्या.

एका दुपारी शेजारणीला मुलीला आणायला सांगून मी मागच्या दाराने आत आले. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पाट्यावर वाटून गरम दुधात कालवत होत्या, वर धोतराचं फडकं धरून गाळत होत्या.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"घरी आणलं तेव्हापासून." त्यांनी गाळणं थांबवलं नाही. "वजन उतरलं तं सेक बंद करतात म्हणे. तुले सांगाचं असन तं सांग."

"मी त्याइले रोज सांगून राहिली का अंडं नाही."

"तू खरं तेच सांगून राहिली."

मी सांगितलं नाही. रोज आरपार जारमधून वरणभात दाखवत राहिले आणि दुपारी घराबाहेर जात राहिले. त्यांच्या नजरेला नजर देणं मात्र मला जमेना.

नळी निघाली, तोंड थोडं उघडू लागलं, अडखळत बोलणंही आलं. त्याच आठवड्यात आत्याबाईंनी स्वतःच त्यांना सांगून टाकलं. मी बाजूच्या खोलीत होते. मामाजी उठले, थंड पाण्याने आंघोळ केली आणि ओसरीवर जाऊन बसले.

आठ दिवस ते माझ्या हातचंच जेवले. आत्याबाईंनी ठेवलेलं ताट तसंच राहायचं. त्यांनीही विनवणी केली नाही, रोज ताट ठेवत राहिल्या. नवव्या दिवशी सकाळी मामाजींनी त्यांच्या हातचा चहा घेतला. ओठाला लावण्याआधी कप उजेडाकडे तिरपा करून आत पाहिलं. आत्याबाईंनी ते बघितलं आणि बिस्किटं आणायला आत गेल्या.