माफीचा हुरडा
हुरड्याचा वास आला की मला एका साहेबाचा ढेकर आठवतो. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावाची ज्वारी उभी वाळली होती आणि शेतसारा माफ करायचा का, हे ठरवायला तो आला होता. पाहुण्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून सासऱ्यांनी विहिरीकाठची तेवढीच हिरवी कणसं खुडली आणि मी ती आगटीत भाजली. साहेबानं पोटभर खाल्लं, ढेकर दिला. "इतका गोड हुरडा हाय, मग माफी कशाला मागायलाव?" म्हणाला आणि वाळल्या रानात पाऊलही न टाकता उठला. जाताना पोरांसाठी थोडा बांधून मागितला. सासरे हात जोडून उभे. आणि आज त्या साहेबाला शिव्या घालणारी मी, फडक्याला गाठ मारून दिली ती मीच.