भाताच्या गिरणीची फिरती कडी

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या पाड्यांवर भात निघालं की रूथच्या गिरणीची वाट बघतात. गिरणी म्हणजे दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं, भात सडून तांदूळ काढायचं यंत्र. नवरा जोसेफ जीपने ती ओढून नेतो, यंत्र रूथ सांभाळते. तिला लहानपणापासून एक खोड आहे. काही मोडलं की ते दुरुस्त करण्याआधी का मोडलं हे तिला कळायला हवं असतं. सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने बंद पडलेला पंखा ओट्यावर उघडून ठेवला होता, आणि सासूबाई बघतच राहिल्या होत्या.

मागच्या हंगामात ओहोळातून वर चढताना जीप आणि ट्रॉली जोडणारी खीळ तुटली. ट्रॉली मागे घरंगळत गेली आणि शेताच्या बांधाला जाऊन अडली. मागे कुणी चालत नव्हतं, म्हणून निभावलं. रूथ ओहोळात उतरली आणि चाचपडत खिळीचे तुकडे शोधू लागली. खीळ एकदम तुटलेली नव्हती. आधी वाकली होती, एका अंगाने झिजून गुळगुळीत झाली होती, आणि मग गेली होती.

नवापुरातल्या इमॅन्युएल वेल्डरने जाड खीळ घालून दिली. ती टिकली, पण थोड्याच दिवसांत ट्रॉलीच्या दांड्याला चीर गेली आणि तीही सांधून घ्यावी लागली. दुखणं एका हाडातून निघून दुसऱ्या हाडात शिरलं, असं जोसेफ म्हणाला. रूथला ते पटलं. पण मुळात दुखणं कसलं, हे अजून कळलं नव्हतं.

मग एके दिवशी ओहोळ आला तशी ती जीपमधून उतरली आणि जोसेफला हळू हाकायला सांगून बाजूबाजूने पायी चालू लागली. नजर जोडावर. जीपचं डावं चाक दगडावर चढलं, तेव्हा ट्रॉलीचं उजवं चाक वर आणि डावं खड्ड्यात होतं. धुणं पिळताना दोन हात उलटसुलट फिरतात तशी दोन्ही वाहनं एकमेकांना पिळत होती. खीळ ट्रॉलीला डावी-उजवीकडे वळू देत होती, थोडं वर-खालीही होऊ देत होती. पिळाला मात्र जागाच नव्हती. तो सगळा लोखंडावर येत होता.

इमॅन्युएलकडे लोखंडी गोळ्यावर वाटी बसते तसला एक जोड पडून होता. रूथने तो तिथल्या तिथे लावून बघायला सांगितला आणि जीपच्या एका चाकाखाली दगड रचले. वाटी फिरली, पण थोडीच. पुढे तिचा काठ गोळ्याच्या मानेला अडला. चांगल्या रस्त्याला हा चालेल, आपल्या ओहोळाला नाही, असं दोघांनी ठरवलं.

डिसेंबरात जोसेफला घोडे बघायचे होते म्हणून ती दोघं सारंगखेड्याच्या यात्रेला गेली. जोसेफ घोड्यांत रमला. रूथ एका बांधलेल्या घोडीपाशी थबकली. घोडी धुळीत लोळली, उठली, स्वतःभोवती फिरली, पण साखळीला पीळ पडेना. साखळीच्या मध्ये एक कडी होती, जागच्या जागी गोल फिरणारी. शेजारी साखळ्या विकायला बसलेल्या भटू लोहाराला तिने ती काय म्हणून विचारलं.

"ताई, हाई भवरकडी शे," तो म्हणाला. "घोडी कितलीबी लोळू दे, साखळीले पीळ पडत नही."

रूथ ती कडी बोटांनी फिरवत कितीतरी वेळ तिथेच बसली. जोसेफला तिला शोधत यावं लागलं.

परतल्यावर तिने इमॅन्युएलला तसलीच पण ट्रॉलीचं वजन पेलणारी कडी हवी म्हणून सांगितलं. ती त्याला सोनगडच्या भंगारात मिळाली. एका अवजड ट्रेलरची जाडजूड कडी होती, लोखंडी घरात बसवलेली, ग्रीस भरलं की पूर्ण गोल फिरणारी. ती त्याने ट्रॉलीच्या दांड्याला बसवली, आणि ती अडकवायला जीपला तोंडावर झडप असलेला आकडा. रूथने वरून दोन साखळ्याही लावून घेतल्या. जोड तुटलाच तर ट्रॉली सुटू नये, म्हणून.

पहिल्याच खेपेला ती पुन्हा ओहोळात उतरून चालली. जीप एकीकडे कलली, ट्रॉली दुसरीकडे, आणि मधली कडी आवाज न करता सावकाश फिरली. रूथ एकटीच हसली.

वरच्या पाड्यावर सोमीबाई भाताची पोती घेऊन बसली होती. वय झालेलं, तरी ती ट्रॉलीखाली वाकली, आणि रूथने दांडा हलवून कडी कशी फिरते ते दाखवलं. सोमीबाईने बोट लावून बघितलं.

"एवढी फिरते, तर सुटून कशी येत नाही?"

रूथने तिला कडीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथला मोठा नट आणि त्यातून आडवी घातलेली पिन दाखवली. सोमीबाईने आता ती पिन कशाने अडकते ते विचारलं. मग दोघी जमिनीवरच बसल्या, आणि पोती सोडून भात गिरणीत घालायचं काम जोसेफला करावं लागलं.